खांड कोणी बांधायची?

पेण तालुक्याच्या पश्चिमेला, धरमतरच्या खाडीकाठी, वाशी, वढाव, दादर, रावे या गावांभोवती भाताची जी सपाट शेते पसरली आहेत ती मुळात खाडीची आहेत. उधाणाच्या भरतीचे पाणी या शेतांच्या पातळीहून वर चढते, आणि पाणी व पीक यांच्यामध्ये मातीचा एक बांध तेवढा असतो. रोह्याच्या बाजूला कुंडलिका खाडीला मिळते तिथेही रचना हीच. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण, वरून पश्चिमेचा जोरकस वारा आणि मागून अंबा, भोगावती किंवा पाताळगंगेचा पूर, ही तिन्ही एका दिवशी आली की बांध कुठेतरी खचतो. त्या भगदाडाला इथले लोक खांड म्हणतात. खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, त्या सालचे भात जाते, आणि जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे दोन-तीन पावसाळेही धडपणे पिकत नाहीत. त्यामुळे या मुलखातल्या वादळ-पुराचा इतिहास लिहायचा तर वाऱ्याच्या वेगाइतकाच एक साधा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: खांड बांधायला कोण येते, आणि त्याने का यावे? माझे म्हणणे असे की गेल्या दोन-अडीच शतकांत या प्रश्नाचे उत्तर दोनदा बदलले. आधी जमिनीने एकमेकांशी जखडलेली माणसे येत. मग सरकारने यावे असे ठरले. आणि आता, निदान पहिल्या आठवड्यात, श्रद्धेने एकत्र आलेली माणसे येतात. प्रत्येक बदलात काही ना काही हाती लागले, पण या अदलाबदलीत एक काम बेवारस झाले आणि ते अजून तसेच पडून आहे.

खांड बांधण्याचे काम कसे चालते हे नीट पाहिले तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो. उधाणात खांडीला हात लावता येत नाही. पाणी आत-बाहेर धावत असते आणि टाकलेली माती क्षणात वाहून जाते. वाट पाहायची ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपास येणाऱ्या छोट्या भरतीची. त्या तीन-चार दिवसांत, तेही ओहोटीच्या मोजक्या तासांत, खांड बुजली पाहिजे. बुजवताना अर्धे काम करून थांबता येत नाही, कारण पुढची भरती ते अर्धे काम घेऊन जाते. मेढी ठोकायच्या, पेंढा-झावळ्या भरायच्या, आणि चिकट मातीचे गोळे हातोहात पुढे सरकवून तोंड बंद करायचे. याला मजूर थोडे आणि दिवस जास्त असे गणित चालत नाही. शंभर माणसे चार तास हवीत, दहा माणसे चाळीस तास असून उपयोग नाही. शिवाय ही शंभर माणसे कंत्राटदाराने शोधून आणायला वेळ नसतो. ती आधीपासून बांधलेली असावी लागतात. दुसरे काम याच्या अगदी उलट स्वभावाचे. बांधावर वर्षभर फिरायचे, खेकड्यांची आणि उंदरांची बिळे बुजवायची, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची, झापे नीट बसतात का ते पाहायचे, उन्हाळ्यात बांधाची उंची वाढवून घ्यायची. त्याला माणसे थोडी लागतात, पण ती कायमची लागतात आणि त्यांना बांधाची खडान्खडा माहिती असावी लागते. आपत्तीतून सावरण्याची जवळजवळ सगळी कामे या दोन प्रकारांत मोडतात. वादळानंतर रस्त्यावरची झाडे तोडणे, घरातला चिखल काढणे, जेवण रांधणे हा पहिला प्रकार. छप्पर परत चढवणे, कागदपत्रे पुरी करून मदत मिळवून देणे, बाग पुन्हा उभी करणे हा दुसरा. संस्था कोणती, यापेक्षा ती या दोनांपैकी कोणत्या कामासाठी घडलेली आहे हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

अठराव्या शतकात, पेशवाई आणि आंग्रे यांच्या राजवटीत, कौल देऊन खाड्यांच्या तोंडच्या दलदली बंदिस्त करायला उत्तेजन मिळाले. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा अगदी कमी, मग हळूहळू वाढता, अशी ती रीत. अशा बंदिस्तीच्या जमिनीला इथे शिलोत्री म्हणत, आणि बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे. त्या बदल्यात कुळाकडून नेहमीच्या खंडाशिवाय बांधासाठी वेगळे भात घेतले जाई. प्रत्यक्ष अंगमेहनत मात्र जोळ करी. एका खारीत, म्हणजे एका बांधाने राखलेल्या पट्ट्यात, ज्यांची ज्यांची शेते, त्या सगळ्यांचा मिळून जोळ. खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस घमेले-फावडे घेऊन बांधावर हजर झालाच पाहिजे. लावणीच्या वेळची सावड आणि जोळ यांत फरक आहे. सावडीला गेला नाहीत तर तुमच्या लावणीला कोणी येणार नाही, एवढेच. जोळाला गेला नाहीत तर तुमच्यासह शंभरांची शेते बुडणार. त्यामुळे जोळाला सक्तीचा दात होता, आणि तो असायलाच हवा होता. या व्यवस्थेचे मोठेपण हे की ती दोन्ही प्रकारची कामे उरकत असे. हाकेला माणसे जमत आणि वर्षभर बांधावर नजरही राही, कारण नजर ठेवणारा आणि बुडणारा एकच होता.

इथे कोणीही विचारील की हे चित्र फार सुबक नाही का? आहे. जुन्या गावगाड्याविषयी लिहिताना मराठी लेखक चटकन हळवे होतात, आणि बांधावरच्या श्रमाचे वर्णन करताना तो श्रम कोणाच्या पोटावर उभा होता हे विसरतात. बांध कुळे बांधत, पण जमीन बहुतेक ठिकाणी खोताची किंवा सावकाराची होती. बांधासाठी वेगळे भात द्यायचे, वर वेठही करायची, आणि पीक हाती आले की खंडात जायचे. या अन्यायाचा स्फोट अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या परिसरातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचे ठरवले, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओसाड पडली, माणसे करवंदे-लाकूडफाटा विकून जगली, पण मागे हटली नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले त्यामागे कोकणातला हाच असंतोष होता. तेव्हा जोळाची आठवण काढताना ती स्वयंसेवा होती असे म्हणणे खोटे ठरेल. ती बंधनातून आलेली सेवा होती. काही बंधन समुद्राचे होते आणि काही खोताचे, आणि दुसरे तुटणे न्यायाचेच होते. प्रश्न इतकाच की दुसरे तोडताना पहिल्याची व्यवस्था कोणी लावली?

ती लावायची म्हणून १९४८ मध्ये मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि त्याखाली खारभूमी विकास मंडळ आले. त्याच वर्षी कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक केले. हे दोन्ही कायदे एकमेकांना पूरक ठरावेत अशी अपेक्षा होती. शिलोत्रीदार गेला, त्याच्याबरोबर बांधाच्या खर्चाचा जुना धनीही गेला, तर त्याच्या जागी मंडळ येईल आणि शेतकरी खर्चाचा वाटा उचलतील. प्रत्यक्षात मंडळाच्या ताब्यात आलेला बांध लोकांच्या लेखी सरकारी झाला. वारसांगणिक जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली, अर्धी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि पुढे नागोठणे-धाटावच्या कारखान्यांत गेली, घरटी एक माणूस हाकेला सापडेनासा झाला. १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. पेणला खारभूमी विकासाचे कार्यालय आहे, नारवेल-बेनवले यांसारख्या मोठ्या योजना त्याच्याच कक्षेत येतात. सरकारी बांधकामाने बांध पूर्वीपेक्षा रुंद आणि भक्कम झाले हे मान्य केले पाहिजे, दगडी पिचिंग आणि काँक्रीटच्या उघाड्या जोळाच्या आवाक्यातल्या नव्हत्या. पण अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश ही साखळी अष्टमीचा भांग पाहून चालत नाही. खांड पडल्यावर ती बुजेपर्यंत दोन-तीन उधाणे निघून जातात, आणि तोवर खारीवर कांदळवन माजते. एकदा ते माजले की वनखात्याची परवानगी हा आणखी एक अध्याय सुरू होतो. त्यात दोष एका खात्याचा नाही. अभियांत्रिकीचे काम सरकारकडे गेले हे ठीक, पण हाकेला धावण्याचे आणि रोज नजर ठेवण्याचे कामही त्याच्याचकडे गेले असे गृहीत धरले गेले, आणि ही दोन कामे कोणत्याही सरकारी खात्याच्या घडणीत बसत नाहीत.

नेमक्या याच काळात, याच खाड्यांच्या आसपास, माणसे एकत्र आणण्याच्या दुसऱ्या पद्धती आकार घेत होत्या. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले रोह्यात, १९ ऑक्टोबर १९२० रोजी. नानासाहेब धर्माधिकारी १९२२ मध्ये रेवदंड्यात, म्हणजे रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे. श्रमाला भक्तीची किंवा साधनेची जागा देणारी तीन माणसे एवढ्या छोट्या पट्ट्यातून यावीत हा योगायोग आहे, त्याला मातीचा गुण वगैरे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. विनोबांचे काम वर्ध्यात आणि देशभर झाले, आठवल्यांचे बरेचसे गुजरातेत आणि मुंबईत. पण त्यांच्या शिकवणीतून जी माणसे घडली ती मात्र इथे परत आली, आणि तिथे योगायोग संपतो. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली तेव्हा सैनिकाने दंगलीच्या दिवशी शांती राखायची आणि एरवी गावात सेवा करायची अशी कल्पना होती. म्हणजे आणीबाणीचे काम आणि रोजचे काम एकाच माणसाला जोडलेले. आठवल्यांच्या स्वाध्याय परिवाराने योगेश्वर कृषीत वेगळी वाट काढली. गावाने एक शेत देवाचे म्हणून राखायचे, स्वाध्यायींनी आळीपाळीने त्यात राबायचे, आणि आलेले उत्पन्न, ज्याला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणतात, गरजूला प्रसाद म्हणून द्यायचे, घेणाऱ्याला उपकाराचे ओझे वाटू नये अशा रीतीने. मच्छीमारांत मत्स्यगंधा नावेने तोच प्रयोग झाला. किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी घरांत स्वाध्याय खोल रुजला यामागे माझ्या मते एक कारण हेही असावे की श्रमाची पाळी ही कल्पना त्या घरांना नवी नव्हती.

पण संख्येने आणि आपत्तीच्या कामाशी असलेल्या थेट संबंधाने सर्वांत महत्त्वाची ठरली ती बैठक. नानासाहेबांनी ८ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईत गोरेगावला दासबोधाच्या निरूपणाची पहिली बैठक घेतली. ज्या ग्रंथाची रचना महाडजवळच्या शिवथरघळीत झाली असे परंपरा मानते, तो ग्रंथ मुंबईच्या चाळींतून पुन्हा कोकणातल्या वाड्या-पाड्यांत पोहोचला. बैठकीला वर्गणी नसते. ती आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळी भरते, पुरुषांची, स्त्रियांची आणि मुलांची वेगळी. आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीने या तीन साध्या नियमांचे मोल फार आहे. आठवड्याला भेटणाऱ्या माणसांना कोण आजारी आहे, कोणाचे घर कुठे आहे, कोणाकडे कोयता आणि टेम्पो आहे हे माहीत असते. निरोप एका तोंडातून दुसऱ्या तोंडी संध्याकाळपर्यंत गावभर पोहोचतो. शिवाय श्रीसदस्यांना, म्हणजे बैठकीला येणाऱ्यांना, हाताने काम करण्याची सवय आधीच लागलेली असते, कारण गावातली स्वच्छता, विहिरी-तळ्यांतला गाळ काढणे, निर्माल्याचे खत, झाडे लावणे हे नानासाहेबांच्या नावाच्या प्रतिष्ठानचे नेहमीचे कार्यक्रम आहेत. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाड-चिपळूणच्या बाजारपेठांतून चिखल काढणाऱ्यांत श्रीसदस्यांचे जथे होते. फावडे कसे धरायचे, ओळ कशी लावायची, कोणाचे ऐकायचे हे त्यांना तिथे जाऊन शिकायचे नव्हते. शंभर माणसे, चार तास, आधीपासून बांधलेली: जोळाचा पहिला गुण इथे दुसऱ्या रूपात हजर आहे.

यात जोळाला न जमलेली एक गोष्टही साधली गेली. जोळाची हद्द त्याच्या बांधापाशी संपे. शेजारच्या खारीत खांड पडली तर ती त्यांची. २३-२४ जुलै १९८९ ला अंबा नदीला जो महापूर आला त्याने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि रोहे तालुक्यातल्या नागोठण्याला बुडवले. तो उधाणाचा पूर नव्हता, डोंगरातून आलेल्या पाण्याचा होता. तिथे खार नव्हती, म्हणून जोळ नव्हता, आणि असता तरी पेणच्या खाडीकाठच्या जोळाला जांभूळपाड्याशी देणेघेणे नव्हते. जमिनीने बांधलेली माणसे जमिनीपलीकडे पाहत नाहीत. दासबोध ऐकणारा माणूस मात्र पेणहून महाडला, महाडहून चिपळूणला जातो, कारण त्याचे नाते बांधाशी नसून सांगणाऱ्याशी आणि सोबत ऐकणाऱ्यांशी असते. आपत्ती आता तालुक्याच्या रेषा पाळत नाहीत, तेव्हा ही ओलांडण्याची ताकद क्षुल्लक नाही.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही हलके नाहीत. पहिला हेतूचा: ही सेवा नसून संप्रदाय वाढवण्याचा मार्ग आहे. असेलही. पण चिखलात बुडालेल्या दुकानदाराला फावडे मारणाऱ्याचा अंतस्थ हेतू तपासण्याची गरज पडत नाही. त्याला गरज पडते ती मदत देताना कोणाला वगळले जाते का हे तपासण्याची, आणि हाच निकष सर्व संस्थांना, पक्षांच्या मंडळांना तर आधी, लावायला हवा. दुसरा आक्षेप आज्ञाधारकतेचा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला नानासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण प्रदान करण्याचा सरकारी सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आयोजनाची जबाबदारी सरकारची होती हे खरे. तरी एवढी लाखो माणसे तळपत्या मैदानात तासन्‌तास न हलता बसली, हेही त्याच शिस्तीचे फळ होते जी शिस्त पुरानंतर ओळीने घमेली सरकवते. शिस्त काम उरकते, धोका ओळखत नाही. जोळात प्रत्येक जण बांध जाणणारा होता, माती कुठे धरणार नाही हे सांगणारा म्हातारा कोणाचाही शब्द मोडू शकत होता. श्रद्धेच्या संघटनेत तसा शब्द मोडणारा माणूस जाणीवपूर्वक ठेवावा लागेल. तिसरा आक्षेप असा की स्वयंसेवक आले म्हणजे सरकार अंग काढून घेते. याचे उत्तर निसर्ग वादळाने दिले आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, आणि पावसाळा दारात. टाळेबंदी चालू होती. बैठका बंद, नेहमीच्या रेल्वेगाड्या बंद, जिल्हा ओलांडायला ई-पास. एरवी अशा वेळी मुंबईतले चाकरमानी आणि त्यांची मंडळे पहिल्या दोन दिवसांत गावी धावतात; त्या वर्षी ते अडकून पडले. एनडीआरएफच्या तुकड्यांनी रस्त्यांवरची झाडे कापली, वीज कंपनीने इतर जिल्ह्यांतून माणसे आणली, ५ जूनला मुख्यमंत्र्यांनी अलिबागला येऊन रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. पुढे पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखांवर आणि बागायतीची हेक्टरी ५० हजारांवर नेली. म्हणजे सरकारने अंग काढले नाही, पैसेही दिले. तरी रोह्या-माणगावच्या वाड्यांत लोक पावसाळा उजाडला तरी ताडपत्रीखाली होते, कारण पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर चढ्या दराने, आणि ते चढवायला सुतार-गवंडी नव्हते. शिवाय मदतीला पंचनामा लागतो, पंचनाम्याला घराची नोंद लागते. दळीच्या किंवा वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कातकऱ्याच्या झोपडीची नोंद असेलच असे नाही. पैसे होते, पहिल्या आठवड्याचे हातही कसेबसे होते. नव्हता तो सहा महिने सोबत राहणारा, कागद आणि छप्पर दोन्ही पुरे करणारा माणूस.

याच फटीचा विचार अमेरिकेतल्या चर्चमंडळींनी केलेला दिसतो, आणि तो आपण पाहण्यासारखा आहे. तिकडे घूर्णवात, ज्याला टोर्नेडो म्हणतात, काही मिनिटांत गावाची एक पट्टी जमीनदोस्त करून जातो. सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे मदतकार्य १९६७ मध्ये टेक्ससच्या ब्यूला चक्रीवादळापासून सुरू झाले आणि ते मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कामात पारंगत झाले: मोठी स्वयंपाकघरे, यांत्रिक करवती, चिखल काढणे. मेनोनाइट हा शेतकरी-सुतारांचा छोटा पंथ. हे लोक युद्धाला जायचे नाकारतात, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवा केली होती. त्या अनुभवातून १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावी मेनोनाइट डिझॅस्टर सर्व्हिस निघाली. ते पहिल्या आठवड्याच्या गर्दीत फार दिसत नाहीत. गर्दी ओसरल्यावर येतात, महिनोन्‌महिने राहतात, विमा नसलेल्यांची घरे बांधून देतात आणि मग जातात. ४ मे २००७ रोजी कॅन्ससचेच ग्रीन्सबर्ग गाव घूर्णवाताने सुमारे ९५ टक्के उद्ध्वस्त केले, तेव्हाही त्यांनी तिथे घरे उभारली. १३ मार्च १९९० ला हेस्टनवरच घूर्णवात आला होता, म्हणजे मदत करणारे आणि मदत घेणारे हा भेद त्यांनी स्वतःच्या गावात मिटलेला पाहिला आहे. दोन्ही पंथांचा देव एक, ग्रंथ एक. फरक पडला तो कामाच्या निवडीने. त्यामुळे श्रद्धेच्या संघटना फक्त झाडझूड करू शकतात, पुनर्बांधणी त्यांच्या आवाक्याबाहेरची, हा समज टिकत नाही. ज्या पंथाने आपल्या सुताराला आणि शेतकऱ्याला सेवेकरी म्हणून दीर्घकाळ पाठवायचे ठरवले, त्याला ते जमले.

तेव्हा माझा निष्कर्ष रायगडपुरता असा. जोळ परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. त्यातली वेठ कोणालाच नको. जोळाचे पहिले काम, हाकेला धावण्याचे, आज श्रीसदस्य, स्वाध्यायी, गावची सप्ताह मंडळे, गणेशोत्सव मंडळे यांनी बऱ्यापैकी आपल्याकडे घेतले आहे आणि जोळापेक्षा दूरवर नेले आहे. दुसरे काम, नजर ठेवण्याचे आणि मागे राहून पुरे करण्याचे, कोणीच घेतलेले नाही. सरकारला ते घडणीने जमत नाही, आणि संप्रदायांनी ते काम आपले मानलेले नाही, कारण त्यात मोहिमेचा उत्साह नाही, छायाचित्र निघत नाही, आणि एकाच खांडीपाशी तीन वर्षे परत परत जावे लागते. खरे तर साप्ताहिक बैठकीइतकी या कामाला योग्य व्यवस्था दुसरी नाही. दर आठवड्याला भेटणारी माणसे दर आठवड्याला बांधावरही फिरू शकतात.

म्हणून एक ठोस सुचवणी. प्रत्येक खारीच्या बांधाला आणि प्रत्येक वाडीच्या छपरांना एक मंडळ जोडून द्यावे: बैठक, स्वाध्याय केंद्र, सप्ताह मंडळ, महिला बचत गट, जे पुढे येईल ते. जबाबदारी एका मोहिमेची नसावी, तीन पावसाळ्यांची असावी. त्या मंडळात दोन सुतार, एक गवंडी, एक तलाठ्याकडचे कागद समजणारा आणि बांध जाणणारा एक म्हातारा असावा, ज्याचा शब्द कोणाही पुढाऱ्याच्या आणि महाराजांच्या वर राहील. कातकरी वाड्यांची नोंद आधी व्हावी, वादळ येण्याच्या आधी. हे सगळे मे महिन्यातल्या ग्रामसभेत, उधाणाच्या तारखा समोर ठेवून, नावानिशी ठरावे. पेणच्या खारभूमी कार्यालयाकडून आपल्या गावच्या बांधांची आणि उघाड्यांची यादी मागवणे हे त्यातले पहिले पाऊल, आणि त्यासाठी ग्रामसभेचा एक ठराव पुरेसा आहे.